मागच्या खोलीतला उमेदवार

निवडणुकीला उभं राहायचं म्हटलं की लोक आधी मतांचा विचार करतात. मी आधी नियमांचा केला. मतं काय, आज आहेत, उद्या नाहीत. पात्रता मात्र माणसात मुळातच असावी लागते आणि ती माझ्यात ठासून भरलेली आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

नगरपालिकेच्या फलकावर उमेदवारांसाठीचे नियम लागले त्या दिवशी मी चष्म्याचं दुकान अर्धं बंद करून ते वाचायला गेलो आणि एकेका नियमापाशी थांबून स्वतःची पाठ थोपटत परत आलो. वय पूर्ण हवं. माझं पूर्ण होऊन वर भरपूर उरलं होतं. नगरपालिकेचं कंत्राट नसावं. मला ते कोणी दिलंच नव्हतं. गुन्हा नसावा. आयुष्यात एकदाच, सायकलला दिवा नाही म्हणून एका पोलिसाने मला अडवलं होतं, पण त्याच्या चष्म्याची काडी सैल झालेली होती, ती मी तिथल्या तिथे आवळून दिली आणि कायदा पुढे गेला. उमेदवाराचं डोकं ठिकाणावर असावं, असाही एक नियम होता. मी घरी येऊन तो वाचून दाखवला तेव्हा बायकोने विचारलं, हे ठरवतं कोण? मी म्हटलं, आपलं आपणच लिहून द्यायचं असतं.

“मग काही अडचण नाही,” ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

शेवटचा नियम असा, की उमेदवार ज्या वॉर्डातून उभा राहतो त्या वॉर्डाचा रहिवासी असावा. हा वाचून तर मला हसूच आलं. मी वॉर्ड सातमध्ये जन्मलो, सातमध्ये वाढलो, सातमध्ये पडलो, झडलो. आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा मला ओळखून भुंकतं. मी सातचा नाही तर कोण आहे?

माझं भांडण होतं एका दिव्याचं. दुकानासमोरच्या कोपऱ्यावरचा नगरपालिकेचा दिवा कित्येक दिवस बंद होता. संध्याकाळ झाली की लोक तिथे ठेचकाळत आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन नंबर वाढला म्हणत. मी तपासायचो. नंबर तोच असायचा, दिवा नसायचा. आमचे नगरसेवक म्हणजे बेकरीवाले. माणूस गोड, ताज्या पावासारखा मऊ, कुठेही दाबा, पुन्हा फुगून जसाच्या तसा. दिव्याचं विचारलं की ते माझा हात हातात घेत आणि म्हणत, होणारच. वर्षानुवर्षं ते बिनविरोध निवडून येत होते, कारण त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं तर सकाळचा पाव कुठून आणायचा, हा प्रश्न सगळ्यांनाच होता. मी ठरवलं, आपण बिस्किटांवर भागवू, पण उभे राहू.

बायकोने एवढंच सुचवलं की दिवा लागला तर तपासायला येणारं गिऱ्हाईक कमी होईल. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. थोर माणसांना घरातून उत्तेजन मिळत नसतंच.

प्रचाराची सूत्रं तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने हाती घेतली. मेहुणा फर्निचरच्या दुकानात विक्रेता आहे. तीन पायांची खुर्ची ‘नव्या धर्तीची’ म्हणून खपवेल असा माणूस. त्याने पहिल्या सभेसाठी दुकानातल्याच खुर्च्या आणल्या, फक्त मालकाच्या अटीप्रमाणे त्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत. त्यामुळे आमचे मतदार पाठीला किमती लोंबकळवून बसले होते. सभेच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं.

“भाऊजी, दिव्यावर कोणी मत देत नाही. लोकांना त्याग आवडतो. तुमचा एखादा त्याग सांगा.”

मी बराच वेळ विचार केला. चांगला खातापिता माणूस मी, ऐनवेळी त्याग आणायचा कुठून? माईक हातात आला तेव्हा एकदम सुचलं, आणि सुचलं ते मी बोलून टाकलं.

मी सांगितलं, मित्रहो, मी घोरतो. हे मी लपवत नाही. मागून कोणीतरी म्हणालं, लपतही नाही. मी पुढे गेलो. सांगितलं की माझ्या घोरण्याचा पत्नीला त्रास होऊ नये म्हणून मी कित्येक वर्षं घराच्या मागच्या खोलीत एकटा झोपतो. उन्हाळा बघत नाही, हिवाळा बघत नाही. जो माणूस एका व्यक्तीच्या झोपेसाठी एवढं करतो, तो अख्ख्या वॉर्डासाठी काय करील याचा तुम्हीच विचार करा!

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत खुद्द बेकरीवाले येऊन बसले होते. सगळ्यांच्या टाळ्या संपल्या तरी त्यांच्या चालूच होत्या. मला वाटलं, गड्याने हार मानली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या उमेदवारीवर हरकत घेतली. हा उमेदवार वॉर्ड सातचा रहिवासीच नाही!

आता आमच्या घराची रचना सांगितली पाहिजे. घर आहे आगगाडीसारखं, एकामागे एक. पुढे बैठकीची खोली, मग झोपायची खोली, मग स्वयंपाकघर, मग एक बोळकांडी आणि तिच्यापलीकडे मागची खोली. ती वडिलांनी नंतर बांधली. बोळकांडीच्या फरशीखालून पूर्वीचा नाला जातो, झाकलेला. त्याला वास नाही, आवाज नाही, त्यामुळे आम्ही त्याला विसरून गेलो होतो. पण त्या वर्षी वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या होत्या आणि सात आणि आठ यांची हद्द म्हणून त्याच नाल्याचा मध्य धरला होता. नगरपालिकेचा मोजणीदार आला आणि त्याने आमच्या बोळकांडीत खडूने एक रेघ मारली. बायकोने ती पुसली. त्याने पुन्हा मारली. रेघेच्या अलीकडे चूल, न्हाणीघर, कपाट, बायको. पलीकडे माझी खाट. म्हणजे मी जेवायचो सातमध्ये, दात घासायचो सातमध्ये, आणि झोपायला मात्र रोज परमुलखात जात होतो. आणि हे मी स्वतःच्या तोंडाने, माईकवरून सांगितलं होतं. बायको म्हणाली, “अहो, दिवा लागला तर तुमचंच गिऱ्हाईक जाणार होतं. हा त्याग होता की सांगायला.”

सुनावणी ठेवली होती ती निवडणूक अधिकारी बाईंपुढे. बाई मूळच्या वजनमापं खात्यातल्या. शहरातला प्रत्येक दुकानदार त्यांना टरकून असे. माझ्याकडे वजन करण्यासारखं काही नाही म्हणून मी निर्धास्त होतो, बेकरीवाले मात्र खुर्चीत अंग चोरून बसले होते. तरीही त्यांनी आपला मुद्दा नेमका मांडला. नियमाखाली बारीक अक्षरात एक टीप होती, की रहिवासी म्हणजे जो वॉर्डात नेहमी झोपतो तो. दिवसा माणूस कुठेही असतो. ती टीप मी वाचली नव्हती. शहराला चष्मे विकणाऱ्या माणसाने बारीक अक्षर वाचलं नाही, हे तिथे कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला कळली.

मी बाजू मांडली की मी सातमध्ये जेवतो, अंघोळ करतो, पाहुण्यांना भेटतो, बायकोची बोलणी खातो. माणूस जिथे बोलणी खातो तेच त्याचं घर. बाईंनी हे लिहून घेतलं नाही. त्यांनी बायकोला बोलावलं.

मेहुण्याने तिला पढवून ठेवलं होतं की विचारलं तर ‘घरातच झोपतात’ एवढंच म्हणायचं, खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही. तिने तसं म्हटलंही. बाईंनी विचारलं, कुठल्या खोलीत? बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्यासाठी खोटं बोलावं की नाही असा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच घातला होता. मला वाटलं, ती ‘पुढच्या’ म्हणेल. मला हेही वाटलं की तिने म्हणू नये. दोन्ही एकदम वाटत होतं.

“मागच्या,” ती म्हणाली. “मीच पाठवलं त्यांना.”

मेहुण्याने कपाळावर हात मारला. पण ती बसली नाही. बाईंकडे न बघता टेबलाकडे बघत म्हणाली, “पण ते तिकडे झोपलेत हे मला इकडे कळत असतं. आवाज मध्येच थांबला की मला जाग येते. पुन्हा सुरू झाला की झोप लागते.”

मला तर हे ठाऊकच नव्हतं. मी समजत होतो की आपल्याला हद्दपार करून बायको सुखाने झोपते, आणि तो राग मी रोज उशीबरोबर मागे घेऊन जात होतो. मी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिलो.

मेहुणा तेवढ्यात भानावर आला. त्याने उभं राहून मुद्दा काढला की उमेदवाराचा आवाज जर सातमध्ये झोपमोड करण्याइतका हजर असेल, तर उमेदवारही सातमध्ये हजर आहे असंच धरलं पाहिजे. यावर बेकरीवाले नम्रपणे म्हणाले, माझ्या पावाचा वास चार वॉर्डांत जातो, म्हणून मी चारही वॉर्डांचा रहिवासी होतो का?

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, ऐकीव गोष्टींवर मी निर्णय देत नाही. प्रत्यक्ष पाहणी करू.

पाहणी ठरली दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर. दोन्ही खोल्यांत मला झोपायला लावायचं, आणि सवयीची खोली कुठली ते बाई स्वतः बघणार. मेहुणा खूश झाला. मलाही हायसं वाटलं, कारण झोप या विषयात मला कोणी हरवलेलं नाही. मी गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना झोपलोय. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून झोपलोय. पुढच्या, म्हणजे बायकोच्या झोपायच्या खोलीत पडायचं, क्षणात डोळा लावायचा, आणि काम फत्ते!

दुपारी सगळं घर माणसांनी भरलं. बाई, त्यांचे कारकून, बेकरीवाले, मेहुणा, आणि दाराबाहेर अख्खी गल्ली. सगळ्यांनी चपला काढून हातात घेतलेल्या, कोणी खोकलं तरी बाकीचे डोळे वटारत. मी बायकोच्या शेजारच्या माझ्या जुन्या जागेवर जाऊन पडलो, डोळे मिटले आणि झोपेची वाट बघू लागलो.

झोप येईना! कूस बदलली, तरी येईना. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. उघड्या दारातून गल्लीतली डोकी दिसत होती. गादी अनोळखी वाटत होती. जुन्या जागी एवढ्या वर्षांत बायकोने शिवणाचं गाठोडं ठेवून ठेवून एक खळगा पाडला होता आणि तो माझ्या मापाचा नव्हता. मी खोटं घोरून बघितलं. बाई म्हणाल्या, हा नव्हे. मेहुण्याने पुठ्ठ्याने वारा घातला. शेवटी बेकरीवाल्यांनी कोणाला तरी पाठवून गरम दूध मागवलं, आणि मी ते प्यायलो. शत्रूच्या हातचं दूध पिऊन टक्क जागा राहिलेला उमेदवार जगात मी एकटाच असेन.

बाई म्हणाल्या, ठीक आहे, आता मागच्या खोलीत चला.

वरात बोळकांडीतून मागे गेली. खडूच्या रेघेवरून जाताना मी मनाशी पक्कं ठरवलं, काही झालं तरी इथे झोपायचं नाही. डोळे ताणून धरायचे. पाढे म्हणायचे. मी खाटेवर बसलो. नुसता बसलो. उशीला माझ्याच तेलाचा वास येत होता. पाठ जरा टेकली तर काय होतंय, असं म्हणून मी पाठ टेकली.

पुढचं मला सांगोवांगी कळलेलं आहे. म्हणे मी पाठ टेकवली आणि बाईंनी घड्याळाकडे बघायच्या आत आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग खिडकीची काच थरथरू लागली. एक कारकून दचकून बोळकांडीत गेला. आणि तेवढ्यात मागच्या दाराने, वॉर्ड आठच्या बाजूने, एक बाई धापा टाकत आत शिरल्या. त्या आमच्या मागे राहणाऱ्या गाण्याच्या शिक्षिका. आमचं मागचं दार कधी उघडत नाही, त्यामुळे आमची त्यांची तोंडओळखही नव्हती. त्या ओरडतच आल्या की सापडली, मोटर सापडली! मग उलगडा झाला. वॉर्ड आठमध्ये कोणीतरी चोरून पाण्याची मोटर चालवतो, अशी त्या सगळ्या आळीची तक्रार होती. नगरपालिकेची माणसं येऊन आठमधली प्रत्येक टाकी बघून गेली होती. एका निरपराध माणसाचं नळाचं कनेक्शनही त्यापायी तोडलेलं होतं. शिक्षिकाबाई खाटेपाशी आल्या, मला बघितलं, आणि म्हणे मटकन खाली बसल्या.

मी जागा झालो तेव्हा खोलीत फक्त बायको होती. बाहेर चहाची वेळ झाली होती. मी विचारलं, सुरू करायचं का? ती म्हणाली, झालं सगळं. निकालसुद्धा झाला.

निकालात बाईंनी लिहिलं होतं की माणूस जिथे ठरवून झोपतो ते त्याचं घर नव्हे, जिथे न ठरवता झोपतो ते त्याचं घर. सबब उमेदवार वॉर्ड आठचा रहिवासी आहे. माझं नाव त्याच आदेशाने आठच्या यादीत गेलं. इच्छा असल्यास उमेदवाराने आठमधून उभं राहावं, असंही त्यात होतं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मेहुणा म्हणाला, भाऊजी, वॉर्ड कुठलाही असो, दिवे सगळीकडेच बंद असतात. मला पटलं. मी आठमधून उभा राहिलो.

आठची माणसं स्वभावाने चांगली निघाली. मी दारोदार गेलो. प्रत्येकाने मला बसायला दिलं, पाणी दिलं, आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. ज्याचं कनेक्शन तोडलं होतं त्यानेही पाणी दिलं, शेजारून मागून आणून. दिव्याचं कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, निवडून आल्यावर तुम्ही राहायला कुठे असणार? मला वाटलं, लोकांना आपला हक्काचा माणूस जवळ हवा आहे. मला भरून आलं. मी प्रत्येकाला हातात हात घेऊन दिलासा दिला, की काळजी करू नका. नियमच आहे, निवडून आलेल्याला मुदत संपेपर्यंत त्याच वॉर्डात झोपावं लागतं. मी दुसरीकडे जाऊ म्हटलं तरी मला जाता यायचं नाही. शिक्षिकाबाईंना तर मी तो नियम आकड्यासकट म्हणून दाखवला. त्यांनी तो कागदावर उतरवून घेतला आणि म्हणे आळीभर वाचून दाखवला.

मी पडलो. किती मतांनी ते विचारू नका. मोजणारा कारकून म्हणाला, साहेब, तुमची मोजायला वेळच लागला नाही. सातमध्ये बेकरीवाले पुन्हा बिनविरोध आले. दुसऱ्या दिवशी पाव घेऊन स्वतः दारात आले. मी घेतला. बिस्किटांचा कंटाळा आला होता.

त्यानंतर मी घरात जाहीर केलं की पुढच्या निवडणुकीत सातमधूनच उभा राहणार, आणि त्यासाठी आजपासून पुढच्या खोलीतच झोपणार. खरं सांगायचं तर निवडणूक हे निमित्त होतं. सुनावणीत बायको जे बोलली ते माझ्या मनातून जात नव्हतं. एवढ्या वर्षांत आपण खाटेसकट फुकट रुसून बसलो, असं वाटत होतं. तिनेही शिवणाचं गाठोडं उचललं आणि गादी झटकली. चार दिवस तिने सोसलं. डोळ्यांखाली काळं आलं, चहात मीठ पडलं, माझा जेवणाचा डबा दुकानात रिकामाच आला. पाचव्या दिवशी सकाळी मी उठलो तर शेजारी ती नव्हती, तिची उशीही नव्हती.

मी बोळकांडीतून मागे गेलो. ती माझ्या खाटेवर गाढ झोपली होती. मी उभा राहिलो तशी ती जागी झाली आणि म्हणाली, “का थांबलात? छान लागली होती झोप.”

मग चहा घेताना तिने समजावून सांगितलं. आवाज हवाच, पण मध्ये एवढं घर हवं. कोण पुढे आणि कोण मागे, याने काही फरक पडत नाही.

आता ती मागे झोपते, मी पुढे. नियमाप्रमाणे ती आता आठची रहिवासी. आठमध्ये सगळी आळी शांत झोपू लागली आहे आणि याचं श्रेय कोणाचं हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. परवा शिक्षिकाबाई काही माणसं घेऊन मागच्या दाराने आल्या होत्या. पुढच्या वेळी बायकोने आठमधून उभं राहावं, विरोधात कोणी जाणार नाही, असं ठरवूनच आल्या होत्या. फक्त एकच अट घातली आहे त्यांनी. प्रचाराला मी यायचं नाही.